बर्फांतील बिऱ्हाड

सन १९०३ च्या सप्टेंबर महिन्यांत 'ग्योआ' नांवाचें एक लहानसें गलबत उत्तर कॅनडांतील किंग विल्यम बेटाच्या किनाऱ्यास लागलें. हेरिंग मासे पकडण्याच्या कामांत झिजलेल्या या गलबतावर अवघीं सात माणसें होतीं. त्यांचा पुढारी रोआल अमुंडसेन हा एकतीस वर्षांचा नॉर्वेजियन तरुण. अटलांटिकांतून पॅसिफिकांत उत्तरेकडून जाणारा जलमार्ग पार करावयाचा, हा त्याचा संकल्प. आणि तो पुढें १९०६ सालीं सिद्धीसही गेला. परंतु मधले दोन हिवाळे त्या बेटाच्या बंदरांत काढतांना त्यानें जी दुसरी एक विद्या मिळविली, तिची हकीकत जलमार्गाच्या हकीकतीहून कांकणभर सरसच आहे. ती विद्या म्हणजे थंडींत अंगावर काय घालावें याची.

या बेटाचा पूर्वेतिहास भयंकर होता. इंग्लंडहून १८४५ सालीं निघालेलीं सर जॉन फ्रँकलिन यांचीं दोन जहाजें याच टापूंत बर्फांत अडकलीं. १८४८ च्या एप्रिलांत जहाजें सोडून उरलेले १०५ जण दक्षिणेकडे निघाले. त्यांतला एकही स्वदेशीं परतला नाहीं. अकरा वर्षांनीं शोधकांस घसरगाडीवर चढविलेली त्यांची एक होडी सांपडली. तींत दोन सांगाडे होते आणि भोंवतीं काय, तर चांदीचे चमचे व कांटे, पुस्तकें, साबण, रेशमी रुमाल आणि सपाता! अंगांत आरमारी बनातीचे व लोकरीचे कपडे. रोगराई व उपासमार हीं त्यांच्या नाशाचीं कारणें होतींच. सगळा दोष कपड्यांवर लादणें न्यायाचें होणार नाहीं. पण काय बरोबर घ्यावें आणि काय टाकावें, हें त्या शूर लोकांस कोणीं शिकविलेंच नव्हतें, एवढें ती होडी स्पष्ट सांगते.

आणि शिकविणारे तर शेजारींच होते. ज्यांना त्या काळीं बाहेरचें जग एस्किमो म्हणे, त्या इन्युइट लोकांपैकीं नेत्सिलिक जमातीचीं कुटुंबें याच बर्फावर पिढ्यान्‌पिढ्या हिंडत होतीं. हिंडणारे केवळ धट्टेकट्टे शिकारी नव्हेत. म्हातारी आजी, गरोदर सून, रांगतें मूल, कुत्रीं आणि सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा, असें सगळें बिऱ्हाड हिवाळ्यांत गोठलेल्या समुद्रावर मुक्काम हलवीत असे. ज्या थंडीनें आरमारांतले निवडक जवान नाहींसे झाले, तिच्यांत तान्हीं मुलें वाढत होतीं.

त्यांच्या पोशाखाचें मर्म कॅरिबू या हरणाच्या कातड्यांत होतें. या जनावराचा केंस आंतून पोकळ असतो, आणि त्यांत कोंडलेली हवा थंडीला आडवी येते. उन्हाळ्याच्या अखेरीस मारलेल्या कॅरिबूचें कातडें कपड्यांना सर्वांत चांगलें. त्या वेळीं केंस दाट पण फार लांब नसतो. अंगांत दोन अंगरखे घालीत, आंतल्याचा केंस आंत आणि बाहेरच्याचा बाहेर. दोन्ही अंगाला घट्ट बसणारे नव्हेत, चांगले ऐसपैस. गळ्याशीं आवळले म्हणजे ऊब आंत राही. चालतांना अंग तापलें कीं डोकीवरची टोपी मागें टाकावी, म्हणजे दमट हवा निघून जाई. कडाक्याच्या थंडींत घाम हा मोठा वैरी. तो कपड्यांत मुरतो, गोठतो आणि ऊब देणारें वस्त्रच बर्फाचें होऊन बसतें. म्हणून हे लोक धांवपळ टाळीत. आणि घरांत शिरण्यापूर्वीं एका चपट्या दांडक्यानें कपड्यांवरचें हिम झाडून काढीत, कारण आंत गेल्यावर तें वितळून केंस भिजले असते.

बायकांच्या अंगरख्याला 'अमाउती' म्हणत. त्याच्या पाठीला मोठी झोळी असे आणि तींत मूल आईच्या उघड्या पाठीला चिकटून बसे. कमरेला बांधलेल्या पट्ट्यामुळें तें खालीं सरकत नसे, आणि दूध पाजावयाचें झाल्यास आई त्याला आंतल्या आंत पुढें ओढून घेई. वाऱ्याचा वारा मुलास लागत नसे. थोड्या मोठ्या मुलांना टोपीपासून पायापर्यंत एकच अखंड कपडा असे. खेळतांना सदरा वर जाऊन पाठ उघडी पडण्याची भीतीच नको.

हें सारें वैभव बायकांच्या हातचें होतें. कातडीं खरवडणें, दांतांनीं चावून मऊ करणें, जनावराच्या स्नायूंच्या तंतूंनीं शिवणें, हें काम शरद् ऋतूंत चाले. समुद्रावरच्या बर्फावर सीलच्या शिकारीस जाण्यापूर्वीं तें संपलेंच पाहिजे असा धर्मनिर्बंधच होता. आणि अशा निर्बंधाचा व्यावहारिक उपयोग ध्यानीं येण्यास फार विचार नको. सीलच्या कातड्याचे बूट शिवतांना सुई कातड्याच्या आरपार जाऊं न देण्याचें कसब त्यांना साधलें होतें. तंतु ओला होऊन फुगला कीं टांक्याचें छिद्र बुजे आणि पाणी आंत येत नसे. शिकारी दिवसभर बर्फांतल्या भोंकाशीं सीलची वाट पाहत उभा राही, तो घरांतल्या सुईच्या भरंवशावर.

अमुंडसेननें सुया, चाकू असल्या वस्तु देऊन हे कपडे घेतले, अंगांत घातले, आणि घातले तसे वापरण्याची रीतही शिकून घेतली. पुढें १९११ सालीं दक्षिण ध्रुवाकडे जातांना हेंच ज्ञान त्याच्या कामीं आलें. मात्र त्यानें आंधळें अनुकरण केलें नाहीं. बर्फावरून स्कीवर जाणाऱ्यास टणक तळव्याचा बूट लागतो, आणि ऊब राखणारा बूट तर मऊ व प्रशस्त हवा. ही अडचण सोडविण्यासाठीं त्याच्या माणसांनीं हिवाळाभर बूट उसवले आणि पुन्हा शिवले. तरी ८ सप्टेंबरला घाईनें निघाले तेव्हां उणे ५० अंशांहून खालचा पारा, आणि कित्येकांच्या टाचा गोठल्या. अमुंडसेनला मुकाट्यानें परत फिरावें लागलें. बूट पुन्हा एकदां मोठे केले गेले. १९ ऑक्टोबरला पांच जण निघाले ते १४ डिसेंबरला ध्रुवावर पोंचले. गंमत अशी कीं, त्या उन्हाळी प्रवासांत केसाळ कपड्यांची गरज बराच काळ भासलीच नाहीं. लोकर आणि वारा अडविणारें हलकें कापड एवढ्यावर काम भागलें.

त्याच वर्षीं कॅप्टन स्कॉटचे तीन सोबती ऐन हिवाळ्यांत पेंग्विनचीं अंडीं आणावयास गेले होते. गाड्या स्वतः ओढल्यामुळें येणारा घाम आणि श्वासाची वाफ यांनीं त्यांच्या झोपण्याच्या पिशव्या इतक्या गोठल्या कीं, त्यांपैकीं चेरी-गॅरर्डच्या पिशवीचें वजन परततांना दुपटीहून अधिक भरलें. रात्रीं तींत शिरणें हीच एक लढाई होई.

असो. अमुंडसेननें त्या बेटावरून कपडे, हत्यारें, भांडीं अशा शेंकडों वस्तु जमवून नॉर्वेस नेल्या. त्या ऑस्लो येथील संग्रहालयांत राहिल्या. त्यांपैकीं कांहीं २०१३ सालीं ग्योआ हेवन या गांवच्या नात्तिलिक वारसा केंद्रांत, शिवणाऱ्या बायकांच्या नातवंडा-पणतवंडांपाशीं, परत आल्या.