जंगल दिसतंय, मग प्राणी का कमी होतात? शहापूर-मुरबाडवरून समजून घ्या

कसारा लोकलच्या खिडकीतून आजही भरपूर हिरवं दिसतं. पण हे जंगल सलग राहिलेलं नाही. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे, मुंबई-नाशिक महामार्ग आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग जातो. तानसा, भातसा ही धरणंही इथलीच. मुरबाडकडे एमआयडीसी आणि फार्महाऊसचे प्लॉट आहेत.

तुकडे झाल्याने काय बिघडतं?
१०० हेक्टरचं एक चौकोनी जंगल आणि १० हेक्टरचे १० चौकोन घ्या. क्षेत्र तेवढंच, पण कडांची लांबी तिपटीहून जास्त. वणवा, कुऱ्हाड, गुरं, भटकी कुत्री कडेनेच आत शिरतात. मधला शांत भाग आक्रसत जातो.

फटका कोणाला?
भीमाशंकरच्या रानातलं शेकरू फांद्यांवरूनच फिरतं, जमिनीवर क्वचित उतरतं. मधली झाडं गेली की त्याची वाटच तुटते. रानपिंगळा १८८४ नंतर ११३ वर्षं बेपत्ता होता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही दिसला. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. नव्या रोपाला ती यायला कित्येक वर्षं जातात.

मग बिबटे कसे दिसतात?
बिबट्या कुत्री, शेळ्या, डुकरं खाऊन गावालगतही जगतो. त्यामुळे तो दिसला म्हणजे जंगल धडधाकट आहे, असं नाही.

परिणाम उशिरा का कळतो?
तुकड्यात अडकलेले प्राणी लगेच मरत नाहीत. पण बाहेरून नवे येत नाहीत, नात्यातच जोड्या जमतात, पिल्लं कमजोर निपजतात. मग एखादा रोग किंवा वणवा पुरतो. शास्त्रज्ञ याला ‘नामशेषाचं कर्ज’ म्हणतात: तोड आज होते, हप्ते पुढे फिटत राहतात.

हे कर्ज कमी होतं का?
होतं, तुकडे वेळेत जोडले तर. समृद्धीचा इगतपुरी-कसारा भागातला सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून जातो, त्यामुळे वरची वाट मोकळी राहते. ओढ्याकाठची झाडं, देवराया, कुंपणातली मोकळी जागा हेही पूलच आहेत. त्यामुळे गावाकडे प्लॉट घेतलात, तर ओढा आणि जुनी झाडं तेवढी राहू द्या.