कोऱ्या रकान्याची फेरतपासणी

शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. मुख्याध्यापक त्यात बहुधा ‘चांगली’ असे लिहितात आणि पुढे तो रकाना कुणी वाचतही नाही. पण तोच रकाना कोरा सोडून दाखला हाती दिला तर? पुढच्या शाळेतला कारकून थबकेल, चष्म्यावरून बापाकडे पाहील आणि विचारेल, "काही भानगड होती का?"

मागच्या वर्षी असाच एक कोरा रकाना माझ्याकडे आला. माझी बहीण बरीच वर्षे अमेरिकेत आहे. तिचा धाकटा मुलगा तिथल्या एका सैन्यदलात भरती झाला होता. प्रशिक्षणाच्या सहाव्या आठवड्यात त्याच्या नडगीच्या हाडाला तडा गेला. आणखी काही आठवड्यांनी त्याला घरी पाठवले. सोबत डीडी 214 हा सेवामुक्तीचा कागद होता. तिथल्या माजी सैनिकाला नोकरीपासून घरकर्जापर्यंत जन्मभर हाच कागद दाखवावा लागतो. त्यात सेवेच्या दर्जासमोर एकच शब्द होता, ‘अनकॅरॅक्टराइझ्ड’. म्हणजे शेरा नाही. कारणाच्या रकान्यात मात्र लिहिले होते की हा मुलगा भरतीच्या वैद्यकीय निकषांत बसत नव्हता.

व्हिडिओ कॉलवर अम्मांनी नातवाला विचारले, "उसमें फेल लिखे क्या रे?" तो गप्प बसला. नंतर मला म्हणाला, "मामू, दर्जा वाढवून मागायचा अर्ज करतोय. तुम्ही इतिहास शिकवलाय, एकदा वाचून सांगा." मी अर्ज वाचला, आणि अर्जाच्या निमित्ताने त्यामागचा शंभर वर्षांचा इतिहासही वाचला. तो इथे मांडतो आहे.

सुरुवात 1906 पासून करावी लागते. टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात 13 ऑगस्टच्या मध्यरात्री गोळीबार झाला. एक दारूगुत्त्यातला नोकर ठार झाला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. गावाजवळच्या छावणीत 25व्या इन्फंट्रीचे कृष्णवर्णीय सैनिक होते. गावाने त्यांच्यावर बोट ठेवले. त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते की आमची माणसे बराकीत होती. सैनिकांपैकी कुणीही गुन्हा कबूल केला नाही, कुणी कुणाचे नाव घेतले नाही. त्या न बोलण्यालाच कट मानून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 167 जणांना सन्मानाविना सैन्यातून काढले. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. काहींची नोकरी वीस वर्षांवर गेलेली होती, पेन्शन जवळ आली होती. ती बुडाली.

सैन्याने हा निर्णय फिरवला 1972 साली. 66 वर्षांत जवळजवळ सगळे गेले होते. डॉर्सी विलिस नावाचे एकच गृहस्थ सन्मानाचा कागद हातात घ्यायला हयात सापडले. मिनिॲपोलिसमध्ये एका केशकर्तनालयात झाडलोट आणि बूटपॉलिश करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. पुढे काँग्रेसने त्यांना 25,000 डॉलर मंजूर केले. एका कागदाची आयुष्यात किंमत किती, हे तेव्हा आकड्यात मांडले गेले. ती किंमत पुरेशी होती असे मला वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रकार घाऊक झाला. सन्मानाचाही नाही आणि अप्रतिष्ठेचाही नाही, असा एक मधला डिस्चार्ज अमेरिकी सैन्यात होता. निळ्या कागदावर छापला जाई म्हणून त्याला ‘ब्लू डिस्चार्ज’ म्हणत. नियमाने तो शिक्षा नव्हता, त्यासाठी कोर्टमार्शल लागत नसे. साहेबांना नकोसा झालेला माणूस घरी पाठवण्याची ती सोपी वाट होती. डिसेंबर 1941 ते जून 1945 या काळात सैन्याने असे 48,603 कागद दिले. त्यांतले 10,806 कृष्णवर्णीयांच्या हाती पडले. सैन्यात त्यांचे प्रमाण 6.5 टक्के होते आणि निळ्या कागदांत 22.2 टक्के. समलिंगी असल्याच्या संशयावरून काढलेल्यांनाही हाच कागद मिळे. मालक लोक निळा रंग पाहून नोकरी नाकारत. माजी सैनिकांच्या सवलती देणारे खातेही दार लावून घेई, जरी कायद्यात फक्त अप्रतिष्ठेने काढलेल्यांना वगळावे असे म्हटले होते. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने 1945 मध्ये या कागदाविरुद्ध मोहीम उघडली, 1946 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीनेही त्यावर कोरडे ओढले आणि 1947 मध्ये निळा कागद बंद झाला.

‘शिक्षा नाही’ असे म्हणत दिलेला कागद शिक्षेसारखा काम करतो, हा या इतिहासाचा पहिला धडा.

फेरतपासणीची दारे याच काळात उघडली. 1944 च्या ज्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाच्या आणि घरकर्जाच्या सवलती दिल्या, त्याच कायद्याने डिस्चार्ज तपासणारी मंडळे नेमली. तिथे सेवामुक्तीपासून 15 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. दोन प्रश्न तपासले जातात : कारवाई नियमाने झाली का, आणि ती न्याय्य होती का? 1946 साली दुसरे दार उघडले. तोवर एखाद्या सैनिकाची नोंद दुरुस्त करायची तर काँग्रेसमध्ये त्याच्या नावाचे खास विधेयक आणावे लागे. खासदाराची ओळख असलेल्याला हे जमे, बाकीच्यांनी काय करावे? काँग्रेसने स्वतःवरच बंदी घातली आणि हे काम नोंद-दुरुस्ती मंडळांकडे दिले. या मंडळावर गणवेशातले नव्हे, नागरी लोक बसतात. सैन्याची चूक तपासायला सैन्याबाहेरची नजर हवी, हे त्यात मान्य झाले. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत तिथे जायचे असते. उशीर झाला तरी न्यायासाठी तो माफ करण्याचा अधिकार मंडळाला आहे.

रंग गेला तरी खुणा राहिल्या. पुढची अनेक वर्षे सेवामुक्तीच्या कागदावर एक छोटा सांकेतिक आकडा छापला जाई. अर्थ सैन्याला ठाऊक, सैनिकाला नाही. पण त्या आकड्यांच्या याद्या मालकांपर्यंत पोहोचल्या होत्या. बोभाटा झाल्यावर 1974 मध्ये ते आकडे काढण्यात आले.

भाच्याच्या कागदावरचा ‘अनकॅरॅक्टराइझ्ड’ हा शब्द 1980 च्या दशकातल्या नियमांतून आला. कल्पना दयाळू आहे. अठरा-एकोणीस वर्षांची पोरे येतात, काहींना जमत नाही, काही आजारी पडतात, काहींना घरची आठवण सोडत नाही. दीड-दोन महिन्यांच्या मुक्कामावरून कुणाला जन्माचा शेरा द्यायचा कशाला? म्हणून सुरुवातीच्या काळातल्या सेवामुक्तीला दर्जाच द्यायचा नाही असे ठरले. दीर्घकाळ ही मुदत सलग 180 दिवसांची होती. मंडळांच्या निकालांतही असेच म्हटलेले असते की हा शब्द निंदेचा नाही, माणूस पारखायला वेळ मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि कायद्याच्या बाजूने ते बरेचसे खरे आहे. माजी सैनिकांचे खाते या सेवामुक्तीला अप्रतिष्ठेची मानत नाही. प्रशिक्षणात झालेल्या दुखापतीसाठी तिथे दावा करता येतो. पण कोरा रकाना प्रत्येक टेबलावर वेगळा वाचला जातो. भाषा आणि वैद्यकीय कौशल्यांसाठी अमेरिकी सैन्याने परदेशी तरुण घेण्याची एक योजना चालवली होती. लष्करी सेवेच्या आधारे नागरिकत्व हवे असेल तर सेवा सन्मानाची असावी लागते. 2018 च्या सुमारास या योजनेतल्या अनेकांना प्रशिक्षणाला पाठवण्याआधीच काढले गेले, आणि त्यांच्या वाट्याला हाच ‘शेरा नाही’ आला. न्यायालयात दावे गेल्यावर सैन्याला ही कारवाई थांबवावी लागली. ज्याच्याकडे आधीच नागरिकत्व आहे, त्याला हा रकाना फक्त कोरा दिसतो. ज्याला ते मिळवायचे आहे, त्याला त्यात ‘नाही’ असे वाचावे लागते.

आता अर्जाकडे येतो. भाच्याने चार पाने लिहिली होती. त्यात देशप्रेम होते, पहाटेची धाव होती, आजोबांची आठवण होती. शेवटी मागणी एकच : ‘मला सन्मानाचा डिस्चार्ज द्यावा.’ मी त्याला म्हटले, "बाबा, मंडळाच्या जागी मी असतो तर हा अर्ज फेटाळला असता."

त्याला वाईट वाटले. पण नियम तसाच आहे. सुरुवातीच्या काळात सन्मानाचा दर्जा केवळ असामान्य परिस्थितीत, तोही वरिष्ठ पातळीच्या मंजुरीने मिळतो. चांगले वागलो, मेहनत केली, एवढ्याने भागत नाही. शिवाय मंडळे एका गृहीतकापासून सुरुवात करतात : कार्यालयाने केले ते नियमानेच केले असणार. ते चूक आहे हे अर्जदाराने पुराव्याने दाखवायचे. चार पाने भावना आणि पुरावा शून्य, अशा अर्जासमोर हे गृहीतक हलत नाही.

इथे मला अल-मावर्दी आठवले. अकराव्या शतकातले बगदादचे हे फकीह, 1058 मध्ये वारले. ‘अल-अहकाम अस-सुल्तानिया’ या ग्रंथात त्यांनी ‘मजालिम’वर, म्हणजे सत्तेकडून झालेल्या जुलुमाच्या फेरतपासणीवर, स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तपासायच्या बाबी ते एकेक करून मोजतात. प्रजेवर अधिकाऱ्यांनी केलेला जुलूम, करवसुलीतली जबरदस्ती, दफ्तरातल्या कारकुनांनी केलेल्या नोंदी, या बाबींत तपासणाऱ्याने फिर्यादीची वाट पाहू नये, स्वतःहून दफ्तर उघडावे, असे ते सांगतात. त्यापुढची बाब वेतनदारांच्या तक्रारींची आहे : वेतन कमी मिळाले किंवा उशिरा मिळाले, तर दफ्तराकडे परत जाऊन त्यांचे देणे काय ठरले होते ते पाहावे. प्रत्यक्षात खलिफांच्या काळात हे किती पाळले गेले, यावर मी भाबडेपणाने बोलणार नाही. ग्रंथातला न्याय आणि दरबारातला न्याय यांत अंतर असतेच. पण दफ्तर आपोआप खरे मानू नये, ही समज हजार वर्षे जुनी आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या कायद्यातही ही समज दुसऱ्या खोलीत आहे. माजी सैनिकांच्या खात्यात नियम असा की भरतीच्या तपासणीत एखादा दोष नोंदलेला नसेल, तर माणूस धडधाकट आला होता असे धरायचे. नंतर काही निघाले, तर ते आधीपासून होते हे सरकारने सिद्ध करायचे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात जवळपास हेच सांगितले : भरतीच्या वेळी नोंद नाही, तर सैनिक निरोगी होता असे माना, आणि शंकेचा फायदा त्याला द्या.

म्हणून मी भाच्याला विचारले, "भरतीच्या तपासणीत तुझ्या पायाबद्दल काही लिहिले होते?" नव्हते. "एक्स-रे कधी काढला?" सहाव्या आठवड्यात. "त्याचा कागद आहे?" मागवता येईल. "सोबत धावणारे कुणी लिहून देईल?" दोघे द्यायला तयार होते.

मग अर्ज नव्याने लिहिला. दीड पान झाला. सन्मान मागितला नाही. मागणी एवढीच ठेवली की कारणाच्या रकान्यातली नोंद वस्तुस्थितीला धरून करावी : हा मुलगा धडधाकट आला आणि त्याला दुखापत प्रशिक्षणात झाली. आजोबांचा परिच्छेद मी काढला. तो काढताना माझाही हात जड झाला, कारण ते आजोबा म्हणजे माझे वडील.

हे लिहिताना एक बाजू मला टोचते आहे. ज्याला इतिहास शिकवणारा मामू नाही, त्या पोराचे काय? निळा कागद एकेकट्या अर्जदाराने हरवला नाही. त्यामागे एक वृत्तपत्र उभे राहिले, लोकांनी आपली कहाणी सांगितली, आकडे मोजले गेले, तेव्हा तो गेला. ब्राउन्सव्हिलचे सैनिक निर्दोष होते हे त्यांना स्वतःला 1906 पासून माहीत होते. दफ्तराला ते कळायला 66 वर्षे लागली. मंडळ असणे ही मोठी गोष्ट आहे, मी ती लहान करत नाही. पण पुराव्याचे सगळे ओझे कमी शिकलेल्या, दुखापत झालेल्या विशीतल्या पोरावर टाकून मंडळाने खुर्चीत वाट पाहत बसणे, हा अर्धाच न्याय आहे. निदान भरतीची तपासणी आणि सेवामुक्तीचे कारण यांचा मेळ बसत नसेल, तिथे तरी दफ्तर स्वतःहून उघडायला हवे.

अर्ज गेला आहे. उत्तराला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. अम्मा दर शुक्रवारी विचारतात, काही आले का? मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ शेवटी असा सांगितला : "फेल नाही लिहिलेले. काहीच नाही लिहिलेले."

अम्मा म्हणाल्या, "मग सहा आठवडे तो तिथे काय करत होता, ते तरी लिहायला सांग."