हॉटेल उद्योगात महिलांची बढती कुठे अडते?

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटचा विचार करणाऱ्या मुली आता आपल्याही घरांत आहेत. या क्षेत्रात नोकरी लागते, पण पुढची पायरी चढताना अनेक जणी थांबतात. अडचणी आधीच माहीत असतील, तर मुलीला आणि पालकांना ठरवणं सोपं जातं.

सुरुवात बायकांनीच केली
मुंबईत 1954 साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने केटरिंगचं शिक्षण सुरू केलं. तीच संस्था आज दादरचं केटरिंग कॉलेज म्हणून ओळखली जाते. म्हणजे हे क्षेत्र बायकांना परकं नाही. अडचण येते ती वर चढताना.

खात्यांची वाटणी
मोठ्या हॉटेलात चार मुख्य खाती असतात: फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस आणि किचन. मुलींना बहुतेक वेळा रिसेप्शन, हाउसकीपिंग किंवा एचआरमध्ये घेतलं जातं. जनरल मॅनेजरच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता मात्र जास्त करून कमाई करणाऱ्या खात्यांतून जातो. त्यामुळे हाउसकीपिंगची प्रमुख झालेली बाई अनुभवी असूनही तिथेच राहते. किचनची तऱ्हा आणखी वेगळी. घरात चूल बाईकडे, हॉटेलात शेफची टोपी पुरुषाच्या डोक्यावर!

वेळ आणि बदली
हॉटेल चोवीस तास चालतं. ब्रेक शिफ्टमध्ये दुपारी काही तास सुट्टी आणि संध्याकाळी पुन्हा हजर. ईद असो, दिवाळी असो की 31 डिसेंबर, इतरांची सुट्टी म्हणजे हॉटेलची गर्दी. बढतीसोबत दुसऱ्या शहरात बदलीही येते. नेमकी हीच वर्षं लग्नाची आणि मुलांची असतात. नवऱ्याची बदली झाली तर घर हलतं, बायकोची झाली तर राजीनामा येतो.

मद्य आणि गणवेश
पंजाब अबकारी कायदा, 1914 च्या कलम 30 नुसार मद्य प्यायल्या जाणाऱ्या जागी महिलांना नोकरीस मनाई होती. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरवली. ज्या मुलींना मद्याचं काम स्वतःच नको असेल, त्यांच्यासाठी बेकरी, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, अकाउंट्स हे पर्याय आहेत. पण ट्रेनिंगमध्ये सर्व खात्यांत फिरावं लागतं. म्हणून याबद्दल आणि डोक्यावरच्या स्कार्फबद्दल आधीच विचारून घ्यावं. प्रत्येक हॉटेलचे नियम वेगळे असतात.

वर पोचलेल्या कोण?
पार्क हॉटेल्सच्या प्रिया पॉल आणि ललित समूहाच्या ज्योत्स्ना सुरी ही मोठी नावं आहेत. त्यांचं कर्तृत्व निर्विवाद आहे, पण दोघी मालक कुटुंबातल्या. पगारावर काम करणाऱ्या मुलीला प्रत्येक पायरी मुलाखत देऊन चढावी लागते.

कायदा काय देतो?
• दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे (2013 चा कायदा). तक्रार साधारण तीन महिन्यांत करावी. पाहुण्याने त्रास दिला तरी तक्रार करता येते.
• 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं.
• महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम देण्यासाठी महिलेची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते.

पालकांनी काय विचारावं?
रात्रीची गाडी दारापर्यंत सोडते का? समितीतल्या सदस्यांची नावं लावलेली आहेत का? प्रसूती रजेनंतर परत आलेल्या किती जणी आज तिथे काम करतात? आणि एक प्रश्न घरातही विचारावा: मुलीला बढती मिळाली आणि बदली नागपूरला झाली, तर आपण तिच्यासोबत उभे राहू का? याचं उत्तर प्रवेशाच्या फॉर्मआधी ठरलेलं बरं. फी भरून, तीन वर्षं शिकवून नंतर "आता पुरे" म्हणणं हा मुलीच्या तालीमवर अन्यायच आहे.