पानांमधील वस्तू आणि वाचनाचा इतिहास

साहित्येतिहासाला संहितेच्या लेखनाचा व मुद्रणाचा काळ सांगता येतो. वाचनाचा काळ मात्र बहुधा निसटतो. जुन्या बाजारातून आलेल्या ग्रंथात राहून गेलेले पोस्टकार्ड, एस.टी.चे तिकीट किंवा जाळीदार पिंपळपान या दृष्टीने साधनच ठरते.

गगनबावड्यासारख्या अतिवृष्टीच्या मुलखात हे साधन फार नाजूक होते. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. १७१५-१६च्या सुमाराच्या 'आज्ञापत्रा'चे कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्यांकडे दिले जाते. त्या काळची पोथी सुट्या पत्रांची, फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधलेली. कसर लागू नये म्हणून तीत कडुलिंबाचा पाला वा सापाची कात ठेवण्याची रीत होती. ती वस्तू विसरलेली नव्हे, हेतुतः ठेवलेली. विसरण्याची खरी सोय केली ती शिवलेल्या, बांधीव पुस्तकाने.

या पुराव्याला मर्यादा आहेत. भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली आले. त्यावरील शिक्का एवढेच सांगतो, की त्या दिवसापूर्वी ते पुस्तकात ठेवले गेले नाही. वाचक त्याच पृष्ठाशी थांबला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. (जाड ग्रंथाचा उपयोग पुष्कळ घरांत नोटा सपाट ठेवण्यापुरताच असे!) रद्दीवाला पुस्तक झटकतो तेव्हा वस्तूपेक्षा तिची जागा हरवते, आणि ही हानी मोठी. दमट हवेत मात्र टाचणीचा गंज, पिंपळपानाचा तपकिरी ठसा कागदात उतरतो. वस्तू गेली तरी पृष्ठ कळते. सूचिकाराने नोंदवायला हवा तो हा डाग. पुस्तकाची डागडुजी करताना नेमका तोच आधी काढला जातो.