संयोजन चाचणी

सॉफ्टवेअरमधील निरनिराळ्या पर्यायांची सरमिसळ मोजक्या चाचण्यांत तपासण्याची पद्धत. समजा, मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांच्या तिकिटांसाठी ॲप केले. भाषा, उपकरण, पैसे भरण्याचा प्रकार आणि नेटवर्क या चार बाबी, प्रत्येकीचे तीन पर्याय. एकूण जुळण्या 81. कोणत्याही दोन बाबींच्या पर्यायांची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी एवढेच पाहिले, तर 9 चाचण्या पुरतात. अशा 13 बाबी झाल्या की जुळण्या 15,94,323 होतात. जोड्या मात्र 15 चाचण्यांत बसतात. ही काटकसर खरोखर थक्क करणारी आहे. प्रत्यक्षात संभवतच नाहीत अशा जुळण्या आधी वगळाव्या लागतात.

पद्धतीचा पाया संयोजन गणितात, विशेषतः प्रत्येक ओळीत व स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणाऱ्या लॅटिन चौरसांत आहे. गणितज्ञ ऑयलरचे 1782 मधील या चौरसांविषयीचे अनुमान 1959 मध्ये राजचंद्र बोस व अर्नेस्ट पार्कर यांच्यासह खोटे ठरवणारे शरदचंद्र श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. आयआयटी मुंबईत शिकलेले माधव फडके यांनी सहकाऱ्यांसह एटी अँड टीच्या ईमेल प्रणालीवर हे तंत्र वापरून 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

बहुतेक दोष एकदोन बाबींमुळे उद्भवतात, म्हणून जोड्या बव्हंशी पुरतात. वैद्यकीय उपकरणे, विमाने यांसाठी मात्र केवळ जोड्यांवर भागवणे धोक्याचे. तेथे तीन ते सहा बाबींचे संयोग तपासलेच पाहिजेत.