देवमाशावरचा खटला

‘देवमासा’ या शब्दातच मासा आहे. त्यामुळे हा प्राणी मासा नव्हे, असे शाळेत सांगितले की पोरे बुचकळ्यात पडतात. त्यांना हसू नये. याच प्रश्नावर १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये चक्क खटला चालला होता.

त्या काळी देवमाशाच्या तेलावर दिवे जळत. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, माशाचे तेल सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावे आणि त्याची फी भरावी. सॅम्युअल जड नावाच्या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपे तपासणीवाचून घेतली. निरीक्षक जेम्स मॉरिस यांनी ७५ डॉलर दंडाचा दावा लावला. जडचे म्हणणे सरळ होते : देवमासा मासाच नाही, मग हे माशाचे तेल कसे?

डिसेंबरअखेर सुनावणी झाली. सॅम्युअल मिचिल या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने देवमासा मासा नसल्याची साक्ष दिली. हे ज्ञान काही नवे नव्हते. देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो, मादी पिलाला जन्म देऊन दूध पाजते, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. लिनियसने तर १७५८ सालीच त्याला सस्तन प्राण्यांत बसवले होते. साक्षीदारांत एक जुना दर्यावर्दी कप्तान होता आणि गंमत म्हणजे त्याचे आडनावच फिश!

ज्युरीने निकाल दिला : देवमासा हा मासाच. मॉरिस जिंकले. पुढच्याच वर्षी मात्र कायदेमंडळाला कायदा दुरुस्त करून देवमाशाचे तेल वगळावे लागले.

त्या ज्युरीला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण माणूस डोळ्यांना दिसते त्यावरून नाव ठेवतो. डॉल्फिनचा भाऊबंद असलेल्या पॉर्पॉइजच्या नावाचे मूळ लॅटिनमध्ये ‘डुक्कर-मासा’ असे आहे. आपल्याकडे बाबराने आत्मचरित्रात नदीतल्या डॉल्फिनला पाण्यातले डुक्कर म्हटले. तो अचानक डोके वर काढतो आणि पुन्हा बुडी मारतो, हेही त्याने टिपले. श्वासासाठीच ही धडपड असते.

प्रश्न नुसत्या नावाचा असता तर हसून सोडून देता आला असता. पण मासळी हजारो, लाखो अंडी घालते. देवमाशाची मादी साधारण वर्षभर पोटात वागवून एकच पिलू देते आणि कित्येक महिने ते अंगावर पाजते. माणसाने मात्र मासळीच्या हिशेबाने तिची शिकार केली. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचे ठरवले आणि १९८६ पासून ते अमलात आले. तोवर निळ्या देवमाशासारख्या जाती जवळजवळ संपत आल्या होत्या. जपान आणि नॉर्वे आजही शिकार करतात.

‘देवमासा’ हा शब्द बदला, असे मी म्हणणार नाही. कवी माणसाला जुना शब्द टाकवत नाही. पण घरातल्या पोराला हा शब्द शिकवाल, तेव्हा एवढे जरूर सांगा की, ती आई आहे, पिलाला दूध पाजते आणि श्वास घ्यायला तिला तुमच्याआमच्या हवेतच यावे लागते.