पदवीचा जमाखर्च : एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षण आणि कर्जाचे धनी

इंग्रजी साहित्याच्या पदवीवर खर्च किती होतो आणि तिच्यातून मिळकत किती होते, हा प्रश्न आज प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतील विद्यार्थी-कर्जाच्या संदर्भात चर्चिला जातो. इंग्लंडमध्ये १९९८ साली विद्यापीठीय शिक्षणाला शुल्क लागू झाले आणि २०१२ मध्ये त्याची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांवर नेण्यात आली. त्यामुळे हा प्रश्न आपल्याच काळाचे अपत्य आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः भारतात तो विद्यापीठे स्थापन होण्याच्या बावीस वर्षे आधीच विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर एका उपखंडाचे शैक्षणिक धोरण उभे राहिले.

मेकॉलेचे १८३५ चे टिपण भारतीय साहित्यपरंपरांविषयीच्या तुच्छतेसाठीच उद्धृत केले जाते. त्यातील हिशोबाच्या भागाकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. मेकॉलेने कलकत्त्याच्या मदरशातील अरबीच्या ७७ विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या, महिन्याला ५०० रुपयांहून अधिक अशा विद्यावेतनाची रक्कम एका बाजूला मांडली. दुसऱ्या बाजूला इंग्रजी शिकणाऱ्यांकडून तीन महिन्यांत जमा झालेले १०३ रुपये मांडले. अरबी-संस्कृत ग्रंथांच्या छपाईवर तीन वर्षांत सुमारे ६०,००० रुपये खर्च होऊन विक्रीतून हजार रुपयेही आले नाहीत. उलट स्कूल बुक सोसायटी इंग्रजी पुस्तकांवर शेकडा वीस नफा मिळविते, हे त्याने आवर्जून नोंदविले. संस्कृत महाविद्यालयात दहा-बारा वर्षे घालवून उपजीविकेचे साधन न मिळालेल्या विद्यार्थ्यांचा अर्जही त्याने पुरावा म्हणून वापरला. जे शिकण्यासाठी पैसे द्यावे लागतात ते निरुपयोगी, आणि जे शिकण्यासाठी लोक पैसे मोजतात ते उपयुक्त, असा हा सरळ युक्तिवाद होता.

तो जितका सरळ दिसतो तितका प्रामाणिक नव्हता. इंग्रजीला आलेली मागणी बाजाराची खरी. परंतु तो बाजार सरकारनेच मांडलेला होता. १८३७ साली फारसीचे न्यायालयीन स्थान संपुष्टात आले आणि १८४४ च्या हार्डिंजच्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम मिळाला. १८५८ साली बंकिमचंद्र चट्टोपाध्याय कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन बी.ए.पैकी एक झाले आणि त्याच वर्षी डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या पदावर रुजूही झाले. त्या काळी सगळी पदवी इंग्रजीतूनच मिळे आणि इंग्रजी साहित्य कोणालाही टाळता येत नसे. म्हणून 'इंग्रजी पदवी' हा शब्दप्रयोग येथे त्या व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे.

या उलथापालथीत 'ऋण' या कल्पनेचेच स्थान बदलले. जुन्या व्यवस्थेत ऋषिऋण अध्ययनाने फिटत असे; विद्वानाचे देणे समाज आणि राजसत्ता लागत. पेशव्यांची श्रावणातील दक्षिणा हे त्याचेच रूप होते, आणि १८२१ साली पुण्याची संस्कृत पाठशाळा त्याच निधीतून निघाली. (ही दक्षिणा कोणत्या जातीला मिळत होती हे विसरता येणार नाही, जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे त्यामुळे कारण नाही.) नव्या व्यवस्थेत अध्ययनाने ऋण फिटण्याऐवजी वाढू लागले.

ते कोणाच्या नावावर वाढले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत रोखठोक उत्तर जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात दिले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून उच्च वर्गांचे उच्च शिक्षण चालते, पण त्याचा लाभ रयतेपर्यंत झिरपत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पदवीधराची मिळकत त्याच्या नावे जमा आणि खर्च मात्र शेतकऱ्याच्या नावे, ही विसंगती त्यांनी उघड केली. पदवीच्या आर्थिक मूल्याचा इतका मूलगामी विचार त्या शतकात दुसरा क्वचितच आढळेल.

व्यक्तिगत पातळीवरही कर्जाचा धनी बहुधा वेगळाच असे. मायकेल मधुसूदन दत्त १८६२ साली बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. मायदेशाहून येणारे पैसे थांबल्यावर व्हर्सायमध्ये त्यांची उपासमार होऊ लागली. तेव्हा ईश्वरचंद्र विद्यासागरांनी स्वतः कर्ज काढून त्यांना रकमा पाठविल्या. त्या वास्तव्यात मधुसूदनांनी बंगालीत सुनीते लिहिली. ती १८६६ साली प्रसिद्ध झाली. वकिलीने त्यांना तारले नाही, १८७३ साली ते विपन्नावस्थेत वारले. विद्यासागरांचे कर्ज बॅरिस्टरीसाठी होते. बंगाली साहित्याच्या पदरात मात्र सुनीत पडले. हा व्यवहार कोणत्या खात्यात मांडावयाचा?

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक साधे, म्हणूनच अधिक बोलके आहे. १८७९ साली वडील वारल्यावर गोविंदराव गोखले यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या गोपाळला शिक्षणासाठी पाठवू लागले. या कर्जाला ना कागद होता ना व्याज. १८८४ साली बी.ए. झालेल्या गोपाळरावांनी वकिली किंवा मोठी सरकारी नोकरी करावी ही घरची अपेक्षा होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हावयाचे म्हणजे वीस वर्षे ७५ रुपयांवर राहावयाचे, आणि त्यासाठी गोपाळरावांना गोविंदरावांची अनुमती मिळवावी लागली. आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात हीच अडचण आहे : मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील या आशेवर असलेल्या आईला, आपण पोटापुरत्या पैशावर राहणार आहोत, हे सांगणे. मराठी वाङ्मयेतिहासाने या पत्रातील त्याग गौरविला. त्या त्यागाचा हप्ता आईलाही भरावा लागणार होता, याची दखल फारशी घेतली नाही.

त्याग ठरला तरी हिशोब सुटला नाही. सोसायटीत पगारवाढीचा प्रश्न निघाला तेव्हा टिळकांनी विरोध केला, आणि सदस्यांची बाहेरची कामे व बाहेरची मिळकत हा १८९० साली त्यांच्या राजीनाम्यामागील वादाचा गाभा होता. त्या वादात आगरकर आणि गोखले प्रपंचाच्या गरजांची बाजू मांडत होते, तर टिळक मूळ व्रताची. दोघांचीही भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु व्रताचा खर्च घरातील माणसे उचलत होती, हे ध्यानात घेता आगरकर-गोखले यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

गोखले फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिन्याला ३० रुपये निवृत्तिवेतन ठरले. गोविंदरावांनी शिक्षण सोडून धरलेल्या नोकरीच्या पगाराच्या ते बरोबर दुप्पट होते.